ऑनलाइन व्हिसा: नावातला एक शब्द राहिला आणि आईबाबांची व्हिएतनाम ट्रिप काउंटरवरून परत

मृण्मयी_सांगली
सोम, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. खूप दिवसांनी धागा काढतेय, आणि कारण काही चांगलं नाही.

बाबा बँकेतून रिटायर होऊन अकरा वर्षं झाली. त्यांच्या जुन्या मित्रांचा चौदा जणांचा ग्रुप दिवाळीनंतर व्हिएतनामला निघाला होता, हनोई आणि हालाँग बे. आईबाबांचा हा पहिलाच परदेश प्रवास. आईने तर दोन महिने आधीपासून मेतकूट, भाजणी, चटण्यांची पाकिटं करून ठेवली होती. व्हिसा आता सगळा ऑनलाइन, वकिलातीत जायची गरज नाही, पंचवीस डॉलर भरायचे की तीन वर्किंग डेजमध्ये मेलवर येतो, म्हणून मीच म्हटलं एजंट कशाला, मी भरते.

बाबांचा फॉर्म ऑफिसातून आल्यावर रात्री फोनवरच भरला. तिथे दोन चौकटी असतात, एक आडनावाची आणि दुसरी मधलं आणि पहिलं नाव एकत्र अशी. आपल्याकडच्या सगळ्या फॉर्मवर वडिलांच्या नावाला वेगळी चौकट असते ना, ती पुढे येईल असं मी डोक्यात धरून चालले आणि दुसऱ्या चौकटीत बाबांचं फक्त स्वतःचं नाव टाकलं. पासपोर्टवर त्यांचं नाव आणि आजोबांचं नाव एकाच ओळीत छापलंय. आईचा फॉर्म मी दुसऱ्या दिवशी लॅपटॉपवर, पासपोर्ट समोर ठेवून भरला, तो बरोबर होता. व्हिसा दोघांचा आला. मी प्रिंट काढल्या, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातल्या, वर नावं लिहिली. पण पासपोर्टशी ताडून बघितलं नाही.

मुंबईला टी-२ वर रात्री साडेनऊला चेक-इनला काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट आणि कागद शेजारी शेजारी ठेवले आणि बोट फिरवत फिरवत थांबली. म्हणाली, सर तुमचं नाव मॅच होत नाहीये. तिने सुपरवायझरला बोलावलं, त्यांनी कुठेतरी फोन केला, अर्ध्या तासाने सांगितलं की बोर्डिंग देता येणार नाही. आईला जाता येत होतं. आई म्हणाली मी एकटी जाऊन काय करू, आणि दोघं सामान घेऊन परत फिरली. ग्रुपमधले काका लोक काचेपलीकडून हात करत होते असं बाबांनी सांगितलं, तेवढंच सांगितलं, पुढे काही बोलले नाहीत.

मी ऑनलाइनच्या विरोधात अजिबात नाही. पण खिडकीवर कागद दिला असता तर समोरच्या माणसाने तिथेच म्हटलं असतं, मॅडम नाव पूर्ण लिहा. आता ते सांगणारं कोणी राहिलेलं नाही, आणि चूक कळते ती थेट विमानतळावर. तुम्हाला कोणाला असे अनुभव असतील, किंवा फॉर्म भरताना काय काय बघायचं हे माहीत असेल तर प्लीज इथे लिहा, कारण मला त्यांना जानेवारीत परत पाठवायचंय.

---

दादरकर_ट्रॅव्हल
सोम, रात्री ११:५२

मृण्मयीताई, वाचून फार वाईट वाटलं. मी बावीस वर्षं दादरला तिकिटांचं आणि व्हिसाचं काम केलं, आता मुलगा बघतो. तुमच्यासारखी केस मी दर सीझनला बघितली आहे, चूक तुमची एकटीची नाही, आपल्या नावांची घडणच तशी आहे.

पहिली गोष्ट, पासपोर्टच्या फोटोच्या पानावर अगदी तळाशी दोन ओळी असतात, बाणासारखी चिन्हं भरलेल्या. प्रत्येक ओळीत ४४ अक्षरं. मशीन तेच वाचतं. आडनाव, मग दोन बाण, मग बाकी नाव. फॉर्ममध्ये नाव भरायचं ते त्या ओळीत जसं आहे तसं, आधारवर काय आहे, पॅनवर काय आहे, घरी काय हाक मारतात याचा संबंध नाही. बायकांच्या बाबतीत आणखी घोळ, कोणाच्या पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आहे, कोणाच्या वडिलांचं, कोणाचं आडनाव अजून माहेरचं. आणि काही जुन्या पासपोर्टवर आडनावाची जागाच रिकामी असते, सगळं नाव गिव्हन नेममध्ये. त्यांनी तर तिकीट काढायच्या आधीच चौकशी करावी, कारण प्रत्येक देशाची साइट रिकामं आडनाव वेगळ्या पद्धतीने घेते.

दुसरं, काउंटरवरच्या मुलीवर रागावू नका. चुकीच्या कागदावर माणूस नेला आणि पलीकडून परत पाठवला तर त्याला परत आणायची जबाबदारी विमान कंपनीची, बऱ्याच देशांत वर दंडही. म्हणून पूर्वी वकिलातीतला क्लार्क जे तपासायचा ते आता काउंटरवर तपासलं जातं, आणि तिथे दुरुस्तीला वेळ नसतो.

व्हिएतनामने १५ ऑगस्ट २०२३ पासून सगळ्या देशांच्या लोकांना ई-व्हिसा उघडला, ९० दिवसांपर्यंत, एकदा जायचा २५ डॉलर आणि अनेकदा जायचा ५०. त्याआधी तीसच दिवसांचा मिळायचा. पैसे एकदा भरले की परत नाहीत, चूक झाली तर नवीन अर्ज आणि नवीन पैसे. कुठल्या विमानतळावरून आत शिरणार आणि कुठून बाहेर पडणार तेही फॉर्ममध्ये विचारतात, ते तिकिटाशी जुळवून घ्या.

---

नागपूरचे_काका
मंगळ, सकाळी ७:१५

बेटा, बाबांना सांग मन खट्टू करू नका. मी दुसरी बाजू सांगतो.

१९९८ साली मुलाकडे अमेरिकेला जायचं होतं. तेव्हा वकिलात ब्रीच कँडीला, लिंकन हाऊसमध्ये. आम्ही दोघं विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला आलो, दादरला लॉजवर राहिलो, पहाटे चारला टॅक्सी करून गेलो तर भुलाभाई देसाई रोडवर आधीच लाईन लागलेली. ऊन चढलं, बसायला जागा नाही, बायकोला तेव्हा गुडघ्याचा त्रास. रस्त्यापलीकडे एक माणूस फॉर्म भरून द्यायचे पैसे घेत होता, दुसरा बॅगा सांभाळायचे. आत दोन मिनिटं प्रश्न विचारले आणि नाही म्हणून सांगितलं. परत नागपूर. सहा महिन्यांनी पुन्हा तेच सगळं, तेव्हा कुठे मिळाला. दोन्ही खेपेचा खर्च माझ्या एका महिन्याच्या पगाराहून जास्त होता.

त्यामुळे चंद्रपूर, गोंदिया, गडचिरोलीच्या माणसाला घरबसल्या व्हिसा मिळतो ही माझ्या दृष्टीने फार मोठी गोष्ट आहे. मुंबईकरांना त्याची किंमत कळणार नाही.

मात्र अमेरिकेचं ऑनलाइन हे अर्धंच आहे. डीएस-१६० हा व्हिसाचा फॉर्म घरी भरा, पैसे घरी भरा, पण बोटांचे ठसे द्यायला एक दिवस आणि मुलाखतीला मुंबईच्या बीकेसीत दुसरा दिवस. २०११ पासून वकिलात तिथे आहे. आधी ऐंशीच्या घरातल्या लोकांना मुलाखत माफ असायची, २ सप्टेंबर २०२५ पासून ७९ च्या वरच्यांनाही साधारणपणे जावंच लागतं. माझे मोठे बंधू ८१ चे, त्यांना आता व्हीलचेअरवर न्यायचं आहे. ऑनलाइन फॉर्म असूनही माणसाचा प्रवास चुकलेला नाही.

---

अजित_मेलबर्न
मंगळ, दुपारी १२:०५

काका, तुमचं वाचून माझ्या आईवडिलांचे दिवस आठवले.

ऑस्ट्रेलियाचं पूर्ण ऑनलाइन आहे, २०१५ पासून पासपोर्टवर स्टिकर लावणंच बंद केलंय. आईचा व्हिजिटर व्हिसा मी इथून मेलबर्नहून भरतो, इमीअकाउंट म्हणून खातं काढायचं, कागद स्कॅन करून चढवायचे, व्हिसा मेलवर येतो, विमान कंपनीला पासपोर्ट नंबरवरून दिसतो. आई साताऱ्यात बसून असते, तिला फक्त सह्या करायच्या असतात. हे चांगलं वाटतं ना, पण आईला ७५ पूर्ण झाल्यावर मेडिकल करायला सांगितलं. त्याचा एक नंबर येतो, एचएपी आयडी, आणि तो घेऊन त्यांनी ठरवून दिलेल्या पॅनेलवरच्या डॉक्टरकडेच जावं लागतं, आपल्या साताऱ्याच्या डॉक्टरचा रिपोर्ट चालत नाही. शेवटी मामेभाऊ तिला गाडीने मुंबईला घेऊन गेला.

अजून एक, मेल माझ्या नावावर येतात. एकदा त्यांनी आणखी कागद मागितले आणि तो मेल स्पॅममध्ये गेला, मुदत होती २८ दिवस, मला बाविसाव्या दिवशी दिसला. आई तिकडे रोज फोनवर विचारायची आला का रे व्हिसा. तिचाच व्हिसा, तिचाच पासपोर्ट, पण तिला स्वतःला काही बघता येत नव्हतं. मग मी तिच्या टॅबवर ते खातं लावून दिलं, शेजारच्या मुलीने शिकवलं, आता ती स्वतः उघडून बघते आणि मलाच सांगते रिसिव्हड आलंय म्हणून.

---

सचिन_एनएसके
मंगळ, दुपारी १:३८

सगळ्यांना एकच कळकळीची विनंती, साइटचा पत्ता बघा.

आम्ही उन्हाळ्यात थायलंडला गेलो, तेव्हा व्हिसा लागत नव्हता पण १ मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं, टीडीएसी. ते फुकट आहे, पोहोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं. माझ्या मेव्हण्याने गुगलवर नाव टाकलं, सगळ्यात वर जी साइट आली ती उघडली, थायलंडचा झेंडा, राजमुद्रेसारखं काहीतरी, अगदी सरकारी वाटावी अशी, आणि चार जणांचे मिळून ₹६,८०० भरले. कार्ड आलं, खोटं नव्हतं, त्यांनीच खऱ्या साइटवर भरून पाठवलं होतं. म्हणजे फुकट मिळणाऱ्या कागदाचे सात हजार, आणि वर चौघांचे पासपोर्ट कोणा अनोळखी माणसाकडे. पैशापेक्षा त्या दुसऱ्या गोष्टीने माझी झोप जास्त उडाली आहे.

सरकारी पत्ता ओळखायची खूण म्हणजे शेवट. थायलंडचा शेवटी गो डॉट टीएच, व्हिएतनामचा जीओव्ही डॉट व्हीएन, आपल्या भारताचा जीओव्ही डॉट इन. वर अॅड किंवा स्पॉन्सर्ड लिहिलेलं असेल ती लिंक उघडूच नका.

---

रोहन_प
मंगळ, दुपारी ४:२०

कोणाला लागलं तर सॉरी, पण मला वाटतं फॉर्मला दोष देण्यात अर्थ नाही. पासपोर्ट समोर ठेवून भरायचा आणि सबमिट करायच्या आधी एकदा वाचायचा, एवढंच आहे. दहा मिनिटांचं काम. त्यासाठी परत वकिलाती आणि रांगा नकोत. जो देश घरी बसून सोय देतोय त्याच्याकडून अजून काय अपेक्षा करायची.

---

मृण्मयी_सांगली
मंगळ, रात्री ९:०२

रोहन, चूक माझीच आहे आणि ती मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिली आहे. मी इंजिनिअर आहे, दिवसभर कॉम्प्युटरवर असते, आणि तरी माझ्याकडून झाली. माझं म्हणणं त्यापुढचं आहे. ज्यांच्या घरात माझ्यासारखं कोणी नाही त्यांनी काय करायचं. बाबांच्या ग्रुपमधल्या चौदातल्या नऊ जणांचे फॉर्म मुलांनी किंवा सुनांनी भरले, बाकीच्यांनी पैसे देऊन भरून घेतले, एकानेही स्वतः भरला नाही. ही सगळी माणसं आयुष्यभर लेजर लिहिलेली, एक पैशाचा फरक रात्री दहापर्यंत बसून शोधणारी. फॉर्म व्हिएतनामीत नाहीतर इंग्लिशमध्ये, फोनवर अक्षर मुंगीएवढं, कार्डावर इंटरनॅशनल चालू नाही, ओटीपी येईपर्यंत पान बंद. त्यांना समज कमी आहे म्हणून अडत नाही, त्यांना भरता येईल अशा पद्धतीने तो मांडलेलाच नाही. नाव पासपोर्टच्या फोटोशी जुळत नाही हे साइटने सबमिटच्या आधी सांगायला हवं होतं, फोटो तर मी तिथेच चढवला होता.

---

गौरी_पणजी
मंगळ, रात्री १०:११

मृण्मयीला माझा पूर्ण पाठिंबा.

मी जपानचा अनुभव सांगते. १ एप्रिल २०२४ पासून भारतीयांना टुरिस्ट व्हिसा ई-व्हिसा म्हणून मिळतो, पण अर्ज व्हीएफएस म्हणजे वकिलातीच्या वतीने अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या सेंटरमार्फतच द्यायचा. म्हणजे माणूस तिथे तपासणारा आहे, पासपोर्टवर स्टिकर नाही. तिथे माझी एक तारीख चुकली होती ती काउंटरवरच्या बाईंनी लगेच दाखवली, पाच मिनिटांत निस्तरलं. मला ही मधली पद्धत सगळ्यात बरी वाटली. पण त्यातही एक मेख आहे, विमानतळावर ती व्हिसाची नोटीस इंटरनेट चालू ठेवून फोनवर उघडून दाखवावी लागते. स्क्रीनशॉट, पीडीएफ, प्रिंट काही चालत नाही. माझ्या सासूबाईंकडे साधा फोन, त्यांची मी माझ्या फोनवर उघडून दाखवली. ग्रुप टूरने एकट्या जाणाऱ्या ज्येष्ठांनी हे आधीच ठरवून घ्या कोणाच्या फोनवर उघडणार.

युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी अजून जावंच लागतं, पण एकदा बोटांचे ठसे दिले की ५९ महिने तेच वापरतात. युरोपने पूर्ण डिजिटल व्हिसाचा कायदा २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर केलाय, स्टिकरच्या जागी बारकोड येणार, पण ठसे द्यायला पहिल्या वेळी जावं लागेलच.

---

ओवी_लीड्स
मंगळ, रात्री ११:४५

मूळची नाशिकची, इथे शिकतेय. यूकेमधल्या मुलांसाठी लिहिते. आमचं बीआरपी, म्हणजे इथे राहायच्या परवान्याचं कार्ड, २०२४ च्या शेवटी बंद झालं, आता सगळं ई-व्हिसावर, हातात काहीच नसतं. घरमालकाला किंवा कामावर दाखवायचं तर साइटवरून शेअर कोड काढून द्यायचा, तो ९० दिवस चालतो. माझ्या रूममेटने पासपोर्ट रिन्यू केला आणि नवा नंबर तिच्या यूकेव्हीआय म्हणजे ई-व्हिसाच्या खात्याला जोडलाच नाही. गणपतीला घरी गेली होती, परत येताना मुंबईत काउंटरवर तिचा व्हिसा दिसेना. तासभर रडकुंडीला आली होती, मग कोणीतरी लाइनवर बोलून सोडवलं. पासपोर्ट बदलला की त्याच दिवशी खात्यात बदला, आणि त्या खात्याला भारतातला नंबर जोडलेला असेल तर तो रिचार्ज करत राहा, लॉगिनचा कोड त्यावर येऊ शकतो.

---

दादरकर_ट्रॅव्हल
बुध, सकाळी १०:३०

गौरीताईंनी चांगला मुद्दा काढला, मध्ये एक माणूस असणं. मी माझ्या धंद्यासाठी बोलत नाही, एजंटने साधे ई-व्हिसाचे फॉर्म भरायचे दोन-दोन हजार घेणं मलाही पटत नाही. पण आपल्याकडे प्रत्येक तालुक्याला महा ई-सेवा केंद्र आहे, तिथली मुलं दिवसाला शंभर फॉर्म भरतात, सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पॅन. त्यांना कोणी दोन दिवस बसवून शिकवलं तर व्हिसाचे फॉर्मही भरतील, ठरलेल्या फीत. फक्त एक सांभाळा. अशा ठिकाणी किंवा सायबरमध्ये पासपोर्ट स्कॅन केला की ती फाइल त्यांच्या डेस्कटॉपवर राहते. मी स्वतः एका दुकानात बघितलंय, स्क्रीनभर पासपोर्टच्या फाइल, नावानिशी. उठायच्या आधी समोर बसून डिलीट करून घ्यायची, रीसायकल बिनमधून पण, आणि त्यांच्या व्हॉट्सअॅपवर पाठवली असेल तर तिथूनही. लाजायचं नाही.

आणि ताई, जानेवारीचा फॉर्म भरताना आमच्या ऑफिसात करायचो तसं करा. एकाने पासपोर्ट हातात घेऊन एकेक अक्षर मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने स्क्रीनवर बोट ठेवायचं. ज्याने टाइप केलं त्याने तपासायचं नाही, त्याला स्वतःची चूक दिसत नाही.

---

मृण्मयी_सांगली
रवि, रात्री ८:५०

आज भरले दोन्ही फॉर्म. लॅपटॉप टीव्हीला जोडला म्हणजे अक्षर मोठं दिसेल. टाइप मी केलं. बाबा भिंग घेऊन पासपोर्टच्या तळच्या दोन ओळी वाचत होते, अक्षर, मग अक्षर, मग बाण, बँकेत चेकवरचे आकडे वाचायचे त्याच आवाजात. आई टीव्हीसमोर उभी राहून पट्टीने दाखवत होती. बाबांचं नाव झालं, आजोबांचं झालं, आडनाव झालं. मग आईच्या जन्मतारखेला बाबा म्हणाले थांब. ३ ऑगस्टचं मी ०८/०३ केलं होतं. मागच्या वेळी बरोबर भरलं होतं आणि या वेळी चुकलं, कारण दिवसभर ऑफिसात अमेरिकेच्या तारखा बघत असते.

दुरुस्त केलं, परत पहिल्यापासून वाचलं, मग आईने स्वतः सबमिट दाबलं. रजिस्ट्रेशनचा कोड बाबांनी डायरीत लिहून घेतलाय, म्हणाले मी रोज बघणार, तू बघू नकोस. फ्लाइट १९ जानेवारीची. काकांना सांगा, बाबा विचारत होते, बंधूंची मुलाखत कधी आहे.

---

नागपूरचे_काका
रवि, रात्री ९:३१

बंधूंची ६ तारखेला आहे, सकाळी साडेआठ. पुतण्या सोबत जातोय. बाबांना म्हणावं हनोईहून एक फोटो इथे टाका.